पायी चढलेल्या लेव्हल

माझी आई आमच्या गेममध्ये शिरली ती माझ्या परीक्षेमुळे.

तेव्हा मी पनवेलच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही कामोठ्याला वन बीएचकेत राहायचो. बाबा न्हावा शेव्याला क्रेन चालवायचे. आई उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातली. तिचं माहेरचं गाव अजून आहे, पण ज्या बांधांवरून ती लहानपणी खाडीपर्यंत चालत जायची, तिथे आता कंटेनरचं यार्ड उभं आहे आणि कुंपणाच्या आत कुणाला सोडत नाहीत. याबद्दल ती फारशी बोलायची नाही. माहेरी गेली की रस्त्यावरून एकदा त्या बाजूला बघायची आणि पुढे निघायची.

हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी आमचा कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर मी एक ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळायचे. जगभरातली माणसं एकाच वेळी त्या जगात वावरायची. प्रत्येकाचं एक पात्र. पात्राने प्राणी मारायचे, कामं करायची, त्याचे अनुभवाचे गुण मिळवायचे. गुण भरले की लेव्हल वाढायची, अंगाभोवती सोनेरी उजेड फाकायचा आणि नवीन विद्या मिळायची. माझं पात्र जखमा बऱ्या करणाऱ्या बाईचं होतं.

सुरुवातीच्या लेव्हल भराभर व्हायच्या. विसावी लेव्हल ओलांडली, म्हणजे आमच्या भाषेत विशी लागली, की मात्र सगळं आटायचं. तोच उजाड माळ, तेच लांडगे, आणि गुणांची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायची. आमचा एक गट होता, गिल्ड म्हणायचो आम्ही त्याला. बहुतेक जण भारतातलेच. नवी माणसं उत्साहाने यायची, विशीत अडकायची आणि एक दिवस न सांगता दिसेनाशी व्हायची. गिल्डचे प्रमुख इंदूरचे एक बँकेतले गृहस्थ होते. ते प्रत्येकाला समजवायचे की विशी एकदा काढली की खरा गेम सुरू होतो. आम्ही सगळे तेच मानायचो. त्या लेव्हल म्हणजे सोसायची गोष्ट होती.

परीक्षा आली तेव्हा माझं पात्र नेमकं त्या माळावर अडकलेलं होतं. मी आईला सांगितलं की दुपारी वेळ मिळेल तेव्हा इथे बस, लांडगा जवळ आला की हे बटण दाब, बाकी काही करू नकोस. आई सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती. तिने स्क्रीनकडे बघितलं.

"या लांडग्यांनी आपलं काय वाकडं केलंय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, पण ते मारले की गुण मिळतात. ती बरं म्हणाली.

पेपर देऊन घरी आले तर माझं पात्र माळावर नव्हतंच. मी कधीही न पाहिलेल्या एका तळ्याच्या काठी ते उभं होतं, आणि लेव्हल एकाने वाढली होती. कुठलीही नवी जागा सापडली की गेम थोडेसे गुण द्यायचा. आम्हाला ते माहीत होतं, पण इतक्या थोड्या गुणांसाठी कोण पायपीट करणार. आई दुपारभर चालत राहिली होती. लांडगे दिसले की लांबून वळसा घालायचा, एवढंच तिने केलं होतं. मला राग यायला हवा होता, पण तिने मलाच प्रश्न केला. तळ्याच्या मागे डोंगर आहे, त्याच्या पलीकडे काय आहे? मी इतके दिवस त्या जगात होते आणि डोंगरापलीकडे काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

परीक्षा संपल्यावर मी तिला तिचं स्वतःचं पात्र करून दिलं. देखण्या, उंच बायका सोडून तिने एक बुटकी, जाड वेणीची, हातात काठी घेतलेली बाई निवडली. तिला मराठी वाचता यायचं, इंग्रजी अक्षरं ती एकेक लावून वाचायची. माउस सुरुवातीला टेबलावरून खाली पडायचा. पण दुपारची भांडी झाली की ती खुर्चीत बसायची आणि चालू लागायची. गेममध्ये घोडे मिळायचे, एका गावातून दुसऱ्या गावात क्षणात पोचवणारी दारं होती. ती त्यातलं काही वापरायची नाही. दारातून गेलं तर मधलं कधी दिसणार, असं तिचं म्हणणं.

एक दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून डोकावले, तर आई उभी राहिली होती. तिचं पात्र दिवसचे दिवस चालून एका खिंडीत पोचलं होतं आणि खिंडीच्या तोंडाशी खाली समुद्र पसरला होता.

त्या समुद्रावर मी आधी जाऊन आले होते. घोड्यावरून, कुठल्याशा कामासाठी, पाच मिनिटांत परत. त्या दिवशी मी आईच्या मागे उभी राहिले आणि पहिल्यांदा बघितलं. पाण्यावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. किनाऱ्याला भरतीची रेघ होती. लांब एक गलबत जवळजवळ न हलता उभं होतं आणि पाण्यावर आलेले पक्षी वाऱ्याने एका बाजूला कलत होते. चहा उतू गेला तो मागे ऐकू आला, पण दोघींपैकी कोणी हललं नाही.

"हे कोणी बसून केलं?" आईने विचारलं.

मी सांगितलं, परदेशात पुष्कळ माणसांनी मिळून केलंय, वर्षानुवर्षं बसून.

ती स्क्रीनकडे वाकली. मग म्हणाली, "आन कोण बघायला येत नाय?"

त्याच सुमारास नागपूरची एक नर्स आमच्या गिल्डमध्ये आली. दिवसाची ड्युटी नसली की दुपारी खेळायची. महिन्याभरात तीही विशीत येऊन अडकली आणि तिने गिल्डमध्ये लिहिलं की वॉर्डात रोज तीच ती कामं आणि इथे पण तेच ते लांडगे, मी हा गेम काढून टाकते. इंदूरच्या काकांनी नेहमीचं सांगितलं, थोडं सोस, पुढे बरं आहे. मी आईला ते वाचून दाखवलं. आई म्हणाली, "तिला म्हणाव, उद्या दुपारी ये. आमी घेऊन जातो."

दुसऱ्या दिवसापासून आई तिला घेऊन निघाली. मी शेजारी बसून टाइप करायचे, पण थोड्याच दिवसांत आईने तीन शब्द रोमन अक्षरांत स्वतः लिहायला शिकून घेतले: चला, थांबा, बघा. तिला तेवढे पुरायचे.

आई त्या मुलीला वाटेल तिथून नेत नव्हती. रस्त्यात लागणारी जनावरं त्या मुलीला झेपतील अशीच असायची, म्हणजे मधून मधून लढाई व्हायची, गुणही मिळायचे. मोठं काही दिसण्याआधी आई तिला थांबवायची. गुणांची पट्टी किती भरलीय ते मला विचारायची. कमी असली तर अलीकडच्याच रानात रेंगाळायची. पट्टी काठोकाठ आली की मगच चढण चढायची. वर पोचल्यावर नवी जागा सापडल्याचे गुण मिळायचे, मुलीची लेव्हल वाढायची, तिच्याभोवती उजेड फाकायचा आणि त्याच क्षणी समोर दरी उघडायची.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा नागपूरहून बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, तिकडची लाइट गेली. मग अक्षरं उमटली: "काकू, मी इथे जरा बसू का?"

तिचं पात्र कड्यावर बसलं. आईने आपलंही बसवलं. त्या दिवशी पुढे काहीच खेळणं झालं नाही.

ती मुलगी विशीतून कधी बाहेर पडली ते तिलाच कळलं नाही. तिने गिल्डमध्ये सगळ्यांना सांगितलं आणि मग दुपारी आईच्या मागे कधी दोघे, कधी चौघे चालताना दिसू लागले. नवा माणूस आला की इंदूरचे काका त्याला आता सोसायचे सल्ले देत नसत, आंटींबरोबर जा म्हणत. कुठली लेव्हल झाली असं आधी आम्ही एकमेकांना विचारायचो. आता आईच्या वाटेवरच्या जागा विचारू लागलो: तळं झालं का? पांढरं रान झालं का? खिंड झाली का? माणसं गळायची थांबली. आम्ही इतकी शिकलेली मंडळी विशीवर उपाय शोधत होतो, पण विशीत काही बघण्यासारखं असेल हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाबांनी सुरुवातीला कुरकुर केली. या वयात काय हे, असं त्यांचं म्हणणं. मग पहिल्या पाळीहून आले की ते जेवणाचं ताट घेऊन हॉलमध्येच बसू लागले. क्रेनच्या केबिनमधून त्यांना रोज खरा समुद्र दिसायचा. तरी एकदा ते आईला म्हणाले, "आज नको डोंगर. त्या पाण्याकडं ने."

पुढच्या वर्षी गेमच्या कंपनीने मोठा बदल केला. खेळाडूंचा लेव्हल वाढवण्याचा अनुभव आम्ही सुधारला आहे, असं त्यांनी जाहीर केलं. झालं काय, तर गुण दुप्पट मिळू लागले, उडणारं वाहन सुरुवातीलाच हातात आलं आणि विशी एका बैठकीत ओलांडता येऊ लागली. गिल्डमध्ये आनंदीआनंद. नवी माणसं आली ती थेट आकाशातूनच आली. खालचं रान, तळं, खिंड सगळं ओस पडलं. आईने दुपारी खुर्चीत बसावं, वाट बघावी, कोणी नसलं तर एकटीनेच चक्कर मारून यावं, असे पुष्कळ दिवस गेले. मीच एकदा म्हटलं की कंपनीने वाट लावली. ती म्हणाली, "ज्याला घाई हाय त्यानं जावं की. घाई वाईट नसते."

मग एकदा नागपूरच्या मुलीने गिल्डमध्ये लिहिलं, माझ्याकडे आता सगळं आहे, सगळ्यात वरची लेव्हल आहे आणि मला इथे काहीच आठवत नाही, आठवतात त्या फक्त काकूंबरोबरच्या दुपारी. आपण पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरू करू या का? दुप्पट गुण बंद ठेवू, वाहन नको, पायी. इंदूरच्या काकांनी सगळ्यात आधी हो म्हटलं.

रविवारी दुपारी निघायचं ठरलं. पहिल्या रविवारी गिल्डचेच लोक होते, सगळे नवी पात्रं करून, फाटक्या कपड्यांत, हातात लाकडी काठ्या. पुढे आईची बुटकी बाई. वाटेत अनोळखी खेळाडू थांबून विचारायचे, काय चाललंय? कोणीतरी सांगायचं. पुढच्या रविवारी तेही नवी पात्रं घेऊन हजर. काही परदेशातले होते, त्यांना चला, थांबा, बघा हे तीन मराठी शब्द दुसऱ्यांनी समजावून दिले. आई प्रत्येक चढणीच्या अलीकडे सगळ्यांना थांबवायची. ज्याची पट्टी भरली नसेल त्याला बाकीचे मदत करायचे. कोणी पुढे पळत नव्हतं. मला याचंच सगळ्यात नवल वाटत होतं.

खिंडीचा रविवार आला तेव्हा बाबांची सुट्टी होती. शेजारच्या काकूही येऊन बसल्या होत्या. स्क्रीनवर इतकी पात्रं झाली की आमचा जुना कॉम्प्युटर दमला. चित्र थांबायचं, मग एकदम पुढे सरकायचं. आईने खिंडीच्या अलीकडे लिहिलं, थांबा. मागची रांग माळापर्यंत पोचली होती. सगळी उभी राहिली. हळूहळू मागचेही येऊन मिळाले. आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सगळ्यांची पट्टी भरलीय.

ती चालू लागली. खिंडीच्या तोंडाशी पोचली, बाजूला झाली आणि तिने लिहिलं, बघा.

माणसं खिंडीतून बाहेर येत गेली आणि प्रत्येकाची लेव्हल तिथेच वाढत गेली. एकाभोवती उजेड फाकला, मग त्याच्या मागच्याभोवती, मग दहा जणांभोवती एकदम. सोनेरी उजेडाचे खांब कड्यावर उभे राहत होते आणि विझत होते, आणि त्यांच्या पलीकडे खाली तो समुद्र होता. नेहमी भरभर वाहणारी गप्पांची खिडकी रिकामी होती. इतकी माणसं, आणि कोणी एक अक्षर लिहीत नव्हतं. मी ठिकठिकाणचे लोक डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, आपापल्या खोल्यांत खुर्च्यांवर बसलेले, कुठे दुपार, कुठे पहाट, आणि सगळे एका पाण्याकडे बघताहेत. मला ते पेलेना. मी आईचा खांदा धरला.

बाबा स्क्रीनच्या अगदी जवळ गेले होते. "यातली आपली कोण?" त्यांनी विचारलं.

आईने बोट ठेवून दाखवली. कडेला, खडकाजवळ, जाड वेणीची. पदराने तिने चष्मा पुसला आणि पुन्हा घातला.

तो गेम पुढे काही वर्षं चालला आणि एक दिवस कंपनीने बंद केला. तोवर माझं लग्न होऊन मी खारघरला राहायला आले होते. नागपूरच्या मुलीलाही खारघरच्याच एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली. तिने फोन केला आणि एका संध्याकाळी आम्ही दोघी कामोठ्याला गेलो. ती आईच्या पाया पडली. दोघी पहिल्यांदा समोरासमोर येत होत्या, त्यामुळे थोडा वेळ अवघडल्या. आईने तिला सरबत दिलं, प्रवासाची चौकशी केली. मग एकदम म्हणाली, "पांढऱ्या रानातून उजवीकडं एक ओढा होता. तुला दाखवायचा राहिला."

"मी गेले होते काकू तिकडे," ती म्हणाली. "शेवटी शेवटी. एकटीच."

आई पुढे सरकून बसली. ओढ्याच्या वर गेलीस का, धबधबा दिसला का, असं तिने विचारायला सुरुवात केली. ती मुलगी सांगू लागली. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. जी जागा आता कुठेही उरली नव्हती तिच्याबद्दल दोघी बोलत होत्या. कुठे चढ आहे, कुठे दगड निसरडे आहेत, पाणी कुठून दिसतं. मी भाकऱ्या करायला आत गेले, आणि तिथूनही मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.