सोंडेच्या देवाच्या दारात

एवढी मोठी सोंड असलेल्या देवाच्या दारात माझं उदबत्त्यांचं दुकान, आणि मलाच वास येत नव्हता! लिंबागणेशला आलेलं गिऱ्हाईक विचारायचं, "मोगरा चांगला हाय का?" मी आपला ठोकून द्यायचो, "लई!" नाकात मांस वाढायचं, ऑपरेशन करून काढलं की पुन्हा वाढायचं. झोपेत तोंडाने श्वास. वाफ घ्या, ओवा हुंगा म्हणणाऱ्यांना मी कोपरापासून हात जोडले होते. गणपतीपुढे दिवा लावायचो, पण मागणं कधीच सोडलं होतं.

शेवटी बीडच्या डॉक्टरांनी बायोलॉजिक नावाचं इंजेक्शन सांगितलं. सूज जिथून उठते तिथेच ते तिला अडवतं. दर पंधरवड्याला पोटावर टोचायचं. "वास येईलच असं नाही, पण आशा आहे," म्हणाले. टोचेपर्यंत थंड मात्र ठेवायचं. मी आणून फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. दुपारी फ्रिज उघडतो तर इंजेक्शन गायब!

बायकोने ते देवाच्या पायाशी ठेवायला नेलं होतं. आमच्याकडे नवा ट्रॅक्टर असो की हॉलतिकीट, आधी देवाला दाखवायचं. पण इंजेक्शन? वैशाखाच्या उन्हात, त्या रांगेत? मी तणतणत धावलो. ती रांगेत निवांत उभी, हात रिकामे.

"इंजेक्शन कुठंय?"

"ओरडता कावून? त्यांच्याकडं हाय." तिने फळांच्या गाड्याकडे बोट केलं.

फळवाला कधी न पाहिलेला. "भाभी, दवाई उन्हात कावून धरली?" म्हणत त्याने ते मागून घेतलं होतं आणि फडक्यात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं. मला म्हणाला, "बर्फाला लागू दिली न्हाई. आमच्या घरात बी इन्सुलिन हाय." डॉक्टरांना फोन केला. सगळं नीट विचारून ते म्हणाले, चालेल. राग होताच, पण मला रडूही आलं.

तो माणूस काही अंतर्धान वगैरे पावला नाही. तेव्हापासून दर चतुर्थीला येतो आणि माझ्याच दुकानासमोर गाडा लावून वाट अडवतो. इंजेक्शन मात्र देवापर्यंत पोचलंच नाही. मागणं सोडलं म्हणजे मी शरण गेलो, असं मला वाटत होतं. तो नुसता रुसवा होता. शरण ती गेली होती, रिकाम्या हातांनी रांगेत उभी असलेली.

काही आठवड्यांनी दुकानात बसलो असताना वास आला. मोगऱ्याचा नाही, चंदनाचा नाही. त्याच्या गाड्यावरच्या पिकून फुटलेल्या आंब्याचा. मी तसाच अनवाणी बाहेर आलो. समोर गाडा होता, त्याच्यामागे देवळाचा कळस. मी हात जोडले. कुणाला, ते ठरवत बसलो नाही.