उपग्रह, लालबाग आणि मागचं गेट

मी बोटीवर रेडिओ ऑफिसर होतो तेव्हा जागा सांगणारे उपग्रह आकाशात मूठभरच होते. अमेरिकेने ते आपल्या लढाऊ पाणबुड्यांसाठी सोडलेले. आम्हा मालवाहू बोटींना मागाहून वापरायला मिळाले. एखादा डोक्यावरून जाईपर्यंत ताटकळायचं, मग भर समुद्रात आपण नेमके कुठे आहोत ते कळायचं. सुट्टीवर आलो की लालबागच्या चाळीत आईला हे फुशारकीने सांगायचो.

चाळीच्या जागी आता टॉवर आहे. आम्हा जुन्या भाडेकरूंची इमारत त्याच्या पाठीमागे. मध्ये उंच भिंत, आणि आमचं गेट मागच्या बोळात.

गेल्या वर्षी आईच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स मोबाइलवर रस्ता बघत लगेच आली, पण टॉवरच्या गेटवर. वॉचमन आत सोडेना. "चालवालों का गेट पीछे है," म्हणाला. वळसा घालून गाडी येईपर्यंत आई गेली होती.

ड्रायव्हर मला मोबाइल दाखवत राहिला. "काका, लोकेशन करेक्ट होतं."

करेक्टच होतं रे. मेल्यांनी मध्ये भिंत घातली, ती वरून कशी दिसणार?