रविवारी परत येणारा ढीग

"साहेब, ढीग परत आलाय."

सोमवारी सकाळी सव्वाआठला आमच्या कंत्राटदाराचा फोन. मी साताऱ्याच्या घरून सांगलीच्या ऑफिसला निघालेलो, एसटीत उभा.

"कसला ढीग?"

"त्योच की, समाध्यांजवळचा, दगडांचा. शुक्रवारी साफ केला आन् आज बगतोय तर परत हाय. वीस-बावीस दगडं आसतील."

"पोरांनी टाकले असतील."

"कुठनं आणून टाकतील? काळं रान हाय सगळं. गोफणीत घालायला दगूड मिळंना हितं."

मुद्दा बिनतोड होता. मी "बघू" म्हणालो आणि फोन ठेवला. या एका शब्दावर आमचं खातं किती वर्षं उभं आहे, देव जाणे.

काम काय होतं ते सांगतो. पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका जुन्या स्मशानभूमीत एका मोठ्या स्वातंत्र्यसैनिकाच्या घराण्याच्या समाध्या आहेत. नाव लिहीत नाही; त्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. सगळे त्यांना दादा म्हणत. घडीव काळ्या दगडाच्या सात समाध्या. दादांच्या पणजोबांपासूनच्या सहा एका रेषेत, आणि सातवी, खुद्द दादांची, रांग सोडून सहा-सात फूट बाजूला. मी बांधकाम खात्यात उपअभियंता होतो, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. जागेची साफसफाई, काँक्रीटची वाट, कुंपण आणि एक ध्वजस्तंभ, एवढं काम. सव्वीस जानेवारीला मंत्री येऊन झेंडा फडकवणार होते.

सर्व्हे मी स्वतः केला होता. दादांच्या समाधीशेजारी गुडघाभर उंचीचा दगडांचा ढीग होता. त्याला ना चुना, ना नाव. मी नकाशावर लिहिलं, "मोकळे दगड, काढून टाकणे". जागा आयतीच रिकामी होणार म्हणून ध्वजस्तंभ तिथेच दाखवला. त्याच्या पायाला पाच फूट खोल खड्डा लागतो. त्या खड्ड्यात काय निघालं असतं, ते पुढे येईलच.

कंत्राटदाराने काढलेले दगड वाटेच्या सोलिंगला वापरले. सोलिंग म्हणजे काँक्रीटच्या खाली दगडांचा जो थर देतात तो. दगड वाया गेले नाहीत म्हणून मी त्याची पाठ थोपटली. शहाणपणाला माझ्या तेव्हा नुसता बहर आला होता.

परत आलेला ढीग त्याने पुन्हा काढला. पुढच्या सोमवारी पुन्हा फोन.

"साहेब, आता तीस हायत. आन् गडी म्हणत्यात, जागा जागती हाय, आमी कुदळ मारणार न्हाई."

"पुढच्या सोमवारी खड्डा झालाच पाहिजे. काँक्रीट वाळायला दिवस लागतात."

"मग तुमीच या साहेब, आन् पयली कुदळ तुमीच मारा."

जागती जागा आठवड्याची सुट्टी बघून जागी होते, हे मला पटेना. ढीग दर वेळी सोमवारी सापडत होता, म्हणजे जे काय होत होतं ते रविवारी. बायकोची बोलणी खाऊन मी रविवारी सकाळीच तिथे जाऊन बसलो, लिंबाखाली, पेपर उघडून. गुप्तहेराचा आव तेवढा जमला होता.

साडेदहाला एक पिकअप आली. मागे दाटीवाटीने पंचवीस-तीस माणसं. खांद्यावर घोंगडी, कपाळाला भंडारा. बायकांच्या ओच्यात, गड्यांच्या हातात एकेक दगड. उतरून सगळे गुमान दादांच्या समाधीजवळ गेले आणि एकामागून एक खाली बसून दगड ठेवू लागले. मी पेपर गुंडाळून उठलो. त्यांच्यातला म्होरक्या माझ्याच वयाचा होता. नाव तायाप्पा.

"पाव्हणं, कुठनं आलात?"

"जतकडनं."

"हे दगड तुम्ही टाकता होय?"

"टाकत न्हाई, ठेवतो. आमचा आजा हाय हितं."

"आम्ही दोनदा काढले. दिसलं नाही का?"

"दिसलं की. म्हटलं, सरकारनं झाडून घेतलं आसंल. झाडल्यावर परत भराय नगं व्हय?"

राग नाही, तक्रार नाही. मी पेपर खिशात कोंबून त्याच्याजवळ बसलो.

मग त्याने सांगितलं. त्याचा आजा बिरू दर हिवाळ्याला मेंढरं घेऊन या काठाला यायचा. दादा भूमिगत होते तेव्हा बिरूच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, घोंगडं पांघरून मेंढक्यांत मेंढका होऊन राहायचे. पोलिसांना वास लागला. त्यांनी बिरूला धरलं. बिरू बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मारानेच गेला. त्याच्या माणसांनी आणि दादांच्या माणसांनी मिळून त्याला इथे ठेवलं. तेव्हापासून हिवाळ्यात मेंढरं खाली उतरली की त्याची भावकी रविवारी येते आणि आपल्या माळावरचा एकेक दगड ठेवून जाते; दर पावसाळ्यात पुराने ढीग खचतो, तो परत भरते.

"ठेवलं म्हणजे, अस्थी?" मी विचारलं.

"आमच्यात पुरत्यात, सायेब."

त्या सात समाध्यांच्या खाली राख होती. माणूस होता तो ढिगाच्या खाली. आणि त्या माणसाच्या छातीवर मी ध्वजस्तंभ रोवायला निघालो होतो.

तिथूनच मी माधवनगर गाठलं. दादांची लेक तिथे मुलाकडे राहते. नव्वदीला टेकलेल्या, सगळे त्यांना अक्का म्हणतात. आमच्या फायलीवर संमतीची सही त्यांच्या पुण्यातल्या पुतण्याची होती. अक्कांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

"नकाशा दावा," त्या म्हणाल्या. चष्मा लावून बोट फिरवत त्या दादांच्या समाधीपाशी थांबल्या. "हितं ह्यो गोल कसला?"

"ध्वजस्तंभ."

"आन् बिरूमामा?"

मी नकाशाची घडी घालायला लागलो.

"आवं इंजिनेर, दादांची समाधी रांग सोडून का हाय, इचारलंसा का कुणाला?"

"नाही." खरं तर मी फायलीत 'समाधी क्रमांक सात रेषेबाहेर' असा शेरा मारून ठेवला होता, दोष सापडल्यासारखा.

"दादाच म्हनालं हुतं. मला वाडवडलांच्या रांगंत ठिवू नगा, बिरूच्या उशाशी ठिवा. मी सोता चुलत्यास्नी सांगून तसं करून घेतलंया." त्यांनी चष्मा काढला. "उद्या कुदळ मारनार असशीला तर गाडी धाडा. मी जाऊन त्या जाग्याव बसते."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. बाहेर येऊन कंत्राटदाराला फोन केला.

"उद्या खड्डा खणायचा नाही."

"खणतंय कोन? गडीच येनार न्हाईत."

सोमवारी कार्यकारी अभियंत्यांसमोर उभा राहिलो. हे आमचे मोठे साहेब.

"त्या ढिगाची रेकॉर्डला नोंद आहे?"

"नाही, सर."

"मग?"

लाजेचं कारण ऑफिसात चालत नाही. मी चालणारं कारण काढलं. "सर, पाच फुटांवर हाडं निघाली तर पोलीस येणार, पंचनामा होणार, काम बंद पडणार. मंत्र्यांना काय सांगायचं?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला. "पोल कुठे हलवताय?"

"फाटकाजवळ, सर."

"आजच रिवाइज्ड ड्रॉइंग आणा."

राहिला प्रश्न सोलिंगमध्ये गेलेल्या दगडांचा. वर काँक्रीट पडून वाळलंही होतं. तायाप्पाला फोन करून मी सगळं कबूल केलं. वाट फोडून दगड काढून देतो, असंही म्हणालो. तो हसायला लागला.

"ऱ्हाऊ द्या की सायेब. दगडाला काय तोटा? आमच्या माळाव त्येवढंच तर पिकतंय."

पुढच्या रविवारी एकीच्या जागी चार पिकअप आल्या. संध्याकाळपर्यंत ढीग कमरेला लागला.

सव्वीस जानेवारीला झेंडा फाटकाजवळ फडकला. मंत्र्यांनी दादांच्या समाधीला हार घातला. अक्का खुर्चीतून उठल्या, तायाप्पाच्या हातातला दगड घेतला, बिरूमामाच्या ढिगावर ठेवला आणि नमस्कार केला. मंत्र्यांनी काय ते विचारून घेतलं आणि आपणही एक ठेवावा म्हणाले. त्यांचे दोन पीए आणि एक फौजदार दहा मिनिटं काळ्या रानात दगड शोधत हिंडले. मिळाला नाही. "पुढच्या टायमाला घरनं घिऊन या," तायाप्पा म्हणाला, आणि मंत्री चक्क "आणतो" म्हणाले. आणला की नाही, मला माहीत नाही.

आता मी निवृत्त आहे. खात्यातली नवी मुलं कधी भेटली की विचारतात, सर, सर्व्हेसाठी एखादी टीप? मी सांगतो, मोजमापं सोमवार ते शुक्रवार घ्या, पण एकदा रविवारी जाऊन साइटवर नुसते बसा. ज्यांची ती जागा असते, ती माणसं सुट्टीच्या दिवशीच येतात.