तोंड येण्याआधी

चूक माझीच होती. माझी बायको सुमन अधूनमधून म्हणायची, "अहो, तोंड येणार बहुतेक. ओठाच्या आत चुरचुरतंय." मी टॉर्च लावून बघायचो आणि सांगायचो, "काही दिसत नाही." एकदा तर पाहुण्यांसमोर म्हणालो, "कुणी जेवायला यायचं म्हटलं की हिचं तोंड येतं!" सगळे हसले, मीही हसलो. ती पोळ्या लाटत राहिली.

आता ती लेकीकडे आहे आणि परत यायचं नाव काढत नाही. आज माझ्याच ओठाच्या आत चुरचुरायला लागलं. आरशासमोर ओठ उलटा करून पाहिला, तर जराशी लाली, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, "फोड उद्या-परवा दिसेल. आतली त्वचा मात्र आधीपासूनच बिघडायला लागलेली असते."

घरी येऊन दूधभात कालवला आणि ताटासमोर नुसता बसून राहिलो. दुखायला लागतं तेव्हा माणसाजवळ दाखवायला काहीच नसतं, फक्त सांगणं असतं. आणि ऐकायला घरात कुणी नसलं की साधं चुरचुरणंही फार मोठं वाटतं. सुमनला तर ऐकायला मी होतो.

शेवटी फोन लावला. "माझं तोंड येणार बहुतेक," मी म्हणालो.

"दिसतंय का काही?" तिनं विचारलं.

"नाही."

मी समोरचं ताट बाजूला सारलं.

"सुमन, तुला खरंच दुखत होतं. मी चारचौघांत त्याची थट्टा केली. मला माफ कर."