युनूसनं न चालवलेली गाडी

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, आबा होते तेव्हा त्यांनाही नाही. आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवी होती, त्याला तर — थांबा. एकदम तिथं जाता येत नाही मला. सात वर्षं जिला टाळून चालतोय, तिच्याकडे जाताना आजही पाय आडवाटेनंच निघतात. तुम्ही अनोळखी आहात, म्हणजे सोपं जाईल, असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये.

गाडीपासून सुरू करतो. गाडीबद्दल मला बरं बोलता येतं.

शिरूरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची वस्ती आहे. थोडा ऊस, आणि कारखान्यांचा माल वाहणारे आठ ट्रक. पन्नाशी जवळ आली तसं मनात काय शिरलं कुणास ठाऊक — मी एक स्पोर्ट्स कार घेतली. परदेशी, गडद निळी, दोनच सीटची. जुनीच होती, पण पहिल्या मालकानं जपलेली. उंचीला इतकी कमी की आबा तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "हिच्यात बसायचं का निजायचं रं?"

घेतली खरी, पण चालवायची कुठं? वस्तीवरून डांबरीला यायचं तर दोन ठिकाणी फळ्या टाकाव्या लागत. पुढे स्पीडब्रेकर तिचं पोट खरवडत. त्याच्याही पुढे उसाच्या ट्रॉल्या, आणि पुण्याकडे गेलं की शिक्रापूरची ट्रकांची रांग. दोन-तीनदा नेली, जीव मुठीत धरून परत आणली. मग जुनी पोल्ट्रीची शेड स्वच्छ करून, खाली फरशी टाकून तिला आत ठेवली, वर कव्हर. लग्नसराईत नवरदेवासाठी मागायला लोक यायचे. मी फोटो काढू द्यायचो, गाडी द्यायचो नाही.

आता युनूस.

युनूसचं शिरूरला गॅरेज आहे. त्याचे वडील आमच्या आबांची जीप दुरुस्त करायचे, म्हणून आमची दोस्ती चड्डीत असल्यापासूनची. त्याच जीपवर आम्ही दोघं गाडी शिकलो — उन्हाळ्यात घोड नदी आटली की तिच्या पात्रात. वाळूत गाडी घसरली की मी ब्रेकवर उभा राहायचो. युनूस मात्र हसायचा, स्टेअरिंग दोन बोटांनी इकडून तिकडे करायचा, आणि जीप आपली सरळ. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. माझ्या बापाची जीप, आणि ती ऐकायची त्याचं. हे मी तेव्हाही पाहिलं होतं. आवडलं होतं का? आवडलं होतं असंच मी आजवर सांगत आलोय.

माझे आठही ट्रक तोच बघतो. आणि निळी गाडी आल्यावर त्याचा दर रविवार माझ्या शेडमध्ये जाऊ लागला. सकाळी स्कूटरवर यायचा. कव्हर काढायचा, गाडी चालू करून ऐकत उभा राहायचा — डोळे मिटून, एखादा माणूस गाणं ऐकतो तसा. मग गाडी हातभर पुढे घ्यायची, म्हणजे एकाच जागी उभी राहून टायर खालून चपटे होत नाहीत. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बॉनेटखाली तंबाखूच्या पुड्या ठेवायच्या. मग आम्ही चहा प्यायचो आणि तो मला शिव्या घालायचा. "दत्ताशेठ, ही काय देव्हाऱ्यात ठिवायची वस्तू हाय व्हय? पळायला जन्मलीय ती. तू तिला तंबाखू चारतोयस."

चार वर्षं हे ऐकलं. शेवटी मीच ठरवलं — हिला एकदा खऱ्या ट्रॅकवर न्यायचं. दक्षिणेत एका ठिकाणी गाडीमालकांना पैसे भरून दिवसभर ट्रॅकवर चालवू देतात. एका गाडीवर दोन नावं देता येत होती. मी दुसरं नाव युनूसचं दिलं. हे सांगतो, कारण हेही खरं आहे. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. त्याला सांगितलं तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

गाडी ट्रेलरवर आणि मागं जीपमधून आम्ही दोघं, असे दोन दिवस गेलो. त्यानं नवीन बूट घेतले होते, पातळ तळव्याचे. कुणीतरी सांगितलं होतं की जाड तळव्यातून पेडल कळत नाही. ते बूट त्यानं वाटेत घातलेच नाहीत. पिशवीत ठेवले होते, आणि अधूनमधून पिशवीत हात घालून बघायचा. एकावन्न वर्षांचा माणूस. मला इतकं हसू यायचं — आणि इतकी माया वाटायची त्याच्याबद्दल, की — असो.

आदल्या संध्याकाळी तिथल्या शिकवणाऱ्यानं आम्हाला दोघांना त्यांच्या साध्या गाडीत दोन-दोन चकरा मारायला लावल्या, शेजारी स्वतः बसून. माझ्या वेळी त्याचा हात सतत माझ्या मनगटाशी. आता ब्रेक. आता सोडा. लवकर वळताय. उतरलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. मग युनूस बसला. पहिली चक्कर हळू. दुसऱ्या चकरेत गाडी ट्रॅकच्या लांब वळणावरून आली तेव्हा मी कठड्याशी उभा होतो, आणि मला पुन्हा नदीचं पात्र दिसलं. शिकवणारा हात मांडीवर ठेवून गप्प बसला होता. उतरल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन हिंदीत विचारलं, "हे तुमचे ड्रायव्हर का?" म्हटलं, मित्र आहे. तो म्हणाला, "उद्या गाडी जास्त वेळ त्यांच्याकडेच द्या. तुमची गाडी काय चीज आहे, ते तुम्हाला बाहेरून बघूनच कळेल."

चांगल्या मनानं बोलला तो. मला राग यायचं काय कारण होतं? पण त्या रात्री मी एकच हिशोब करत पडलो होतो — गाडी माझी, आणि उद्या सगळे बघणार त्याला.

सकाळी ट्रॅकवर उतरण्याआधी एक डॉक्टर सगळ्यांचं बीपी तपासत होते. आमचं दोघांचं तपासलं. युनूस लगेच गाडीकडे पळाला, टायरमधली हवा बघायला. फॉर्म मी भरले होते, म्हणून दोघांच्या चिठ्ठ्या माझ्याच हातात आल्या. त्या पलीकडच्या टेबलावर दिल्या की हाताला कागदी पट्टी बांधायचे. पट्टी असेल त्यालाच आत सोडत.

मी एकच पट्टी बांधून घेतली.

आलो बाहेर आणि युनूसला सांगितलं — तुझं बीपी फार वाढलंय, ते सोडायला तयार नाहीत.

झालं सांगून. इतकंच आहे ते. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि माझ्यावर त्याचा विश्वास होता; मला एवढं पुरलं. शिकवणाऱ्यानं विचारलं, तुमचे मित्र कुठं आहेत? त्याला म्हटलं, त्यांचं पोट बिघडलंय. एकाच सकाळी दोन माणसांना दोन वेगळी खोटी कारणं, आणि जीभ कुठंही अडखळली नाही.

युनूस काय म्हणाला असेल? हुज्जत घातली नाही. चिडला नाही. खाली बसून त्यानं ते बूट काढले, पिशवीत ठेवले, चपला घातल्या. म्हणाला, "बरं झालं रं, आधीच कळलं. मधीच काय झालं असतं तर तुझी गाडी गेली असती." मग दिवसभर उन्हात कठड्याशी उभा राहिला. मी ट्रॅकवरून बाहेर आलो की टायरची हवा बघायचा, काच पुसायचा, पाण्याची बाटली पुढे करायचा.

आणि मी कशी चालवली? घाबरून. सगळ्या गाड्या माझ्या बाजूनं निघून जात होत्या. ती गाडी वेग मागत होती आणि मी देत नव्हतो. ट्रॅकवरसुद्धा मी तिला शेडमध्येच ठेवली, असं म्हटलं तरी चालेल. परतीच्या वाटेवर युनूस विचारत होता, त्या लांब वळणावर कसं वाटतं रे? मागचं चाक बोलतं का? मी दुसऱ्या लोकांच्या तोंडून ऐकलेलं त्याला सांगत होतो. तो मान डोलवत होता. शिरूरला आल्यावर गॅरेजवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "आमच्या दत्तानं काय पळवली म्हणून सांगू!"

इथं थांबलं असतं तरी एक वेळ — नाही, तरीही नाही. पण इथं थांबलं नाही.

युनूसनं मीठ सोडलं.

मी वाटेतच खोटं मागं घ्यायचं ठरवलं होतं. आठवडाभरात सांगू, गमतीत सांगू. तेवढ्यात कळलं की घरी गेल्या दिवसापासून त्यानं जेवण अळणी केलंय. लोणचं बंद, सुकी मासळी बंद, पापड बंद. शमीमभाभी त्याचं कालवण वेगळ्या भांड्यात करायला लागल्या. महिन्याभरानं त्या त्याला शिरूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, मीही सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, काही नाही तुम्हाला, एकदम व्यवस्थित आहे. मला वाटलं, सुटलो. पण युनूस बाहेर येऊन मला काय सांगतो? "मीठ सोडलं म्हनून उतरलंय. आन् ह्यांचं मशीन जुनं. तिकडं रेसवाल्यांचं मशीन होतं, ते खोटं सांगंल व्हय?" मशीननं खोटं सांगितलं नव्हतं. मी त्याच्यासमोर उभा होतो. मी हसलो.

त्याहून वाईट म्हणजे त्यानं चालवणं सोडलं. दुरुस्त झालेला ट्रक हायवेला नेऊन तो स्वतः पळवून बघायचा. तीच त्याच्या कामाची खासियत होती. ते बंद. आता ट्रकचा ड्रायव्हर चालवतो आणि युनूस डावीकडे बसून ऐकतो. "गाडी हातात असताना चक्कर आली तर? समोरून कुनाचं लेकरू येईल." स्कूटरसुद्धा विकली. रविवारी आता एसटीनं येतो, फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत चालत. येणं मात्र चुकवत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका रस्त्याचं नवीन काम झालं. तीन-चार किलोमीटर सरळ, गुळगुळीत, अजून वाहतूक नाही. मी गाडी फळ्यांवरून काढली, तिथवर नेली, उतरलो आणि किल्ली युनूससमोर धरली. म्हटलं, चालव. मला वाटत होतं की असं केलं की फिटेल. बोलायची वेळ न येताच फिटेल. त्यानं किल्लीकडे पाहिलं. हात पुढे आला होता त्याचा, मी पाहिला. मग त्यानं तो खिशात घातला. "नगं दत्ता. माझा भरवसा न्हाई आता."

तिथं सांगता आलं असतं. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. "तुझा भरवसा आहे रे, माझाच नाही" — एवढंच म्हणायचं होतं. मी किल्ली परत घेतली आणि म्हणालो, बरं, मीच नेतो. तो शेजारी बसला, डोळे मिटले आणि ऐकत राहिला.

या वर्षी ईदला नेहमीसारखा त्याच्या घरी जेवायला गेलो. भाभींनी माझं मटण आणलं आणि त्याच्यापुढे त्याचं, फिकं, ठेवलं. तो माझ्या ताटाकडे बघून म्हणाला, "खा बाबा, माझ्या वाटचं बी तूच खा." सगळे हसले. तो हात धुवायला उठला तेव्हा भाभी हळूच मला म्हणाल्या, "दादा, तुमचं ऐकतात ते. सांगा ना त्यांना, सणाला तरी चिमूटभर खात जा म्हणून. डॉक्टर तर म्हणतात, काही नाही." काय मागत होत्या त्या माझ्याकडे? चिमूटभर मीठ. आणि मी म्हणालो, "जपलेलं बरं, भाभी."

भीती वाटली मला. त्यानं आज मीठ खाल्लं, उद्या ठणठणीत राहिला, तर विचार करायला लागेल, असं वाटलं. म्हणून सात वर्षांपूर्वीचं खोटं मी त्या दिवशी, त्याच्याच घरात, त्याचंच अन्न खाताना पुन्हा एकदा बोललो. पहिल्या वेळी मत्सर होता. दुसऱ्या वेळी तर तोही नव्हता.

युनूस मराठी माझ्यापेक्षा चांगली वाचतो. गॅरेज उघडलं की आधी पेपर, मग पाने-पक्कड. त्याच्यासमोर बसून बोलायला हवं होतं, हे मला कळतं. गेले चार रविवार शेडमध्ये तोंड उघडलं आणि चहाचं विचारलं. म्हणून इथं, त्याच्या रोजच्या पेपरात, लिहितोय, आणि हेही भित्रेपणातच धरा.

युनूस, त्या सकाळी तुझ्या चिठ्ठीवर एकशे बावीस आणि ऐंशी लिहिलं होतं. खाली डॉक्टरांनी 'फिट' असं लिहून सही केली होती. मी ती दोनदा वाचली, घडी घातली, पाकिटात ठेवली आणि मग तुझ्याकडे आलो. तू खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत होतास.