डावीकडचा शेवटचा डबा

फोन वाजत होता, पण मी गाडीवर होते. गाडीवर असताना फोन घ्यायचा नाही, हा नियम मला नानांनीच लावलेला. त्यामुळे शाळेपासून अर्ध्या वाटेवर असलेल्या लिंबापर्यंत आले, गाडी डांबराच्या खाली घेतली, स्टँड लावलं, हेल्मेट काढलं आणि मग पर्स उघडली. सात मिस्ड कॉल, सगळे शेजारच्या मंगलचे. मी फोन लावला. "ताई, नाना पडले गाडीवरून. नगरला न्यायला निघाले व्हते... रस्त्यातच गेले," ती म्हणाली. एवढं ऐकल्यावर माणूस कसे, कुठे, कधी असं काहीतरी विचारतो. मी विचारलं, "कोणत्या बाजूला पडले?" मंगल म्हणाली, "डाव्या. काय झालं?" मी फोन ठेवला. हा प्रश्न मी का विचारला, ते आज सात आठवड्यांनी सांगायला बसले आहे. नानांविषयी चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि ते सगळं खरंच आहे. मला त्यासोबत माझंही सांगायचं आहे.

नाना म्हणजे माझे चुलत सासरे. उभी हयात एसटीत ड्रायव्हर म्हणून काढली आणि निवृत्त होऊन पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावी आले, तेव्हा गावात एसटीपेक्षा मोटारसायकली जास्त झाल्या होत्या. दारोदार गाडी आणि शिकवणारं कोणी नाही. पोरं एकमेकांकडून शिकायची, म्हणजे एकमेकांच्या चुका उचलायची. नानांना ते बघवेना. मग दर रविवारी सकाळी ते बाजारतळावर आपली जुनी गाडी घेऊन उभे राहू लागले आणि ज्याला शिकायचं त्यानं यावं, असं त्यांनी पारावर सांगून टाकलं. मी लग्न होऊन आले तेव्हा नवरा पुण्याला कंपनीत, मला नोकरी मिळाली ती अकरा किलोमीटरवरच्या वस्तीशाळेत, आणि जीपवाला सीट भरल्याशिवाय हलत नसे. घरात नवऱ्याची गाडी धूळ खात उभी होती. मी सासूबाईंना विचारलं, त्यांनी नानांना विचारलं. नाना म्हणाले, "पाठीव उद्या."

मी नऊवारी-सहावारीच्या वादात न पडता ड्रेस घालून गेले, पण चुलत सासऱ्यांसमोर उभं राहायचं म्हणून ओढणी डोक्यावरून घेतली होती. नानांनी माझ्याकडं बघितलं आणि गाडीच्या हँडलला अडकवलेलं हेल्मेट काढून पुढं केलं. "सासऱ्याम्होरं डोकं झाकायचंय न्हवं? मग ह्यानं झाक. आन् त्या ओढणीची गाठ मार कमरंला. चाकात गेली तर माझ्याच दारात रडारड व्हईल." तळावर बसलेली पोरं हसली. मीही हसले, पण गाठ मारली. त्यानंतर गावातल्या कितीतरी बायका त्यांच्याकडून शिकल्या आणि प्रत्येकीनं पहिल्या दिवशी हेच ऐकलं असणार.

मला वाटलं होतं, तासाभरात गाडी सुरू करू. पहिले दोन रविवार त्यांनी मला गाडी चालूच करू दिली नाही. नुसती ढकलायची. तळाला चार फेऱ्या, वळवायची, मागं घ्यायची, स्टँडवर चढवायची. मी वैतागले. मी डीएड झालेली बाई आहे, ओझं वाहणारी नाही, असंही काहीतरी बोलले. नाना शांतपणे म्हणाले, "मॅडम, गाडीचं वजन आधी हाताला कळू द्या, मग बुडाला." तिसऱ्या रविवारी क्लच. तो कुठं पकडतो ते डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. मग ब्रेक, दोन्ही एकदम, हळूहळू दाबत... आणि मातीवर, खडीवर पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. खड्ड्याकडं बघायचं नाही, कारण जिकडं बघाल तिकडं गाडी जाते. उसाचा ट्रॅक्टर ओलांडताना एक ट्रॉली संपली म्हणून आत शिरायचं नाही, कारण मागं दुसरी असते. आणि निघताना साइड स्टँड वर घेतलंय का ते डोळ्यानं नाही, टाचेनं बघायचं. हे सगळं मी इतक्या वर्षांत माझ्या वर्गातल्या मुलांनाही सांगितलं आहे, त्यांना अजून सायकलसुद्धा येत नसताना.

आणि मग परीक्षा. गावात तिला नानांचे डबे म्हणत. तेलाचे आठ पत्र्याचे डबे, चुन्यानं रंगवलेले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून तळाला थोडी वाळू घालून झाकण लावलेले. दोन ओळींत मांडायचे, मधली वाट पुढं पुढं अरुंद होत जाते आणि शेवटी डावीकडं वळते. माणूस चालतो त्या वेगानं गाडी त्यातून न्यायची, पाय टेकवायचा नाही, डब्याला लागायचं नाही. डबा पडला की नापास, पुढच्या रविवारी या. "लायसन सरकार देतं, पास मी करतो," असं ते म्हणत. पास झाल्याशिवाय डांबरावर गाडी घालायची नाही, हा त्यांचा कायदा आणि पोराच्या बापालाही तो मान्य असे. त्यांनी सरपंचांना दोनदा नापास केलं. मला तीनदा. तिन्ही वेळा तोच डबा, डावीकडचा शेवटचा. तिसऱ्या वेळी तो पडलाही नव्हता, नुसता डुगडुगला होता. मी हुज्जत घातली. "नाना, पडला कुठं?" तर म्हणाले, "आज डुगडुगला तो डबा हाय. उद्या तिथं कुनाचं तरी लेकरू असंल." चौथ्या वेळी पास केलं आणि पाठ फिरवून डबे गोळा करायला लागले. कौतुक वगैरे काही नाही.

आमच्या भागात बाजरी निघाली की लोक कणसं डांबरी रस्त्यावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांनी मळणी होते. अर्धा रस्ता कणसांचा, आणि गाड्यांनी पार बाहेर जाऊ नये म्हणून कडेला डोक्याएवढे दगड लावलेले. बाजरी भरून नेतात, दगड मात्र बऱ्याचदा तिथंच राहतात. नाना कुठंही निघालेले असोत, असा दगड दिसला की गाडी उभी करायचे, उतरायचे आणि दगड उचलून रस्त्याकडेच्या चारीत टाकायचे. एकदा लग्नाला जाताना त्यांनी एवढे दगड उचलले की आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. नानी आठवडाभर बोलत नव्हत्या.

आता त्या रविवारकडं यायला हवं. मी इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत राहिले, ते त्यासाठीच.

यंदाचा श्रावण होता. आदल्या वर्षी नानांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, डाव्याचं पुढं बघू म्हणून राहिलं होतं. त्या सकाळी ते आमच्या दारात आले. दाढी केलेली, धुतलेला पांढरा शर्ट. म्हणाले, "मॅडम, तळावर चला. माझी परीक्षा घ्यायची." मला चेष्टा वाटली. ते म्हणाले, "डाव्या डोळ्याचा भरवसा वाटंना. नापास झालो तर गाडी ठिवतो आन् आठ दिवसांत ऑपरेशन करून घेतो. पास झालो तर दिवाळी झाल्यावर बघू. तू खरं सांगशील म्हनून तुझ्याकडं आलो." इतकं साधं होतं. मला फक्त बघायचं होतं आणि जे दिसलं ते सांगायचं होतं.

तळावर पंधरा-वीस जण जमले. नानांनी ज्यांना कधी ना कधी नापास केलं होतं, ती सगळी पोरं पारावर येऊन बसली. दोघांनी मोबाईल वर धरलेले. मी डबे मांडले. नाना आत शिरले, हात अजून तसाच स्थिर, क्लच तसाच हलका... सात डबे अगदी स्वच्छ पार केले. वळणावर मात्र त्यांनी डावीकडं बघितलंच नाही. बघितलं असेल तरी त्यांना दिसलं नाही. फुटरेस्ट डब्याच्या कडेला लागलं, पत्रा आत गेला आणि डबा धप्पदिशी आडवा झाला. मी वळणापाशीच उभी होते, मध्ये माझं अंग होतं, त्यामुळं पारावरून ते कोणाला दिसलं नाही. नाना गाडी थांबवून मागं वळेपर्यंत मी डबा उभा केला होता आणि चेमटलेली बाजू पलीकडं फिरवली होती.

"कायतरी लागलं वाटतं," ते म्हणाले.

"चाकाखालून खडा उडाला नाना. पास."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. नाना हसले. मी त्यांना टाळ्यांवर कधी हसताना बघितलं नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, एवढ्या लोकांपुढं कशाला, संध्याकाळी घरी जाऊन नीट सांगू. संध्याकाळी पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी शाळा होती. मग पोळा, गणपती, घटक चाचणी... सांगायचं राहिलं असं मी म्हणते, पण ते खरं नाही. मी टाळलं. ज्या माणसानं मला डुगडुगलेल्या डब्यासाठी नापास केलं, त्याच्या तोंडावर खरं बोलायची माझी छाती झाली नाही आणि त्याला मी आदर असं नाव दिलं.

एवढंच असतं तरी मी कदाचित स्वतःला माफ केलं असतं. पण माझी मुलगी ऋतुजा अकरावीला आहे. रोज सकाळी नाना तिला गाडीवरून फाट्यावर कॉलेजच्या एसटीसाठी सोडायचे. त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी मी तिला सांगितलं, आजपासून मैत्रिणीच्या वडिलांबरोबर जा. तिनं विचारलं का, तर मी म्हटलं, नानांना कशाला रोज त्रास. चार दिवसांनी नाना दारावरून जाताना थांबले. "ऋतू येत न्हाई आता?" मी म्हटलं, "मैत्रीण सोबत असते ना नाना, त्यांचं आपलं..." ते "बरं" म्हणाले आणि गेले. म्हणजे मला सगळं कळलं होतं. माझ्या पोरीपुरतं मी ते कळून घेतलं आणि म्हाताऱ्याला एकट्याला गाडीवर जाऊ दिलं. हे वाक्य लिहायला मला सात आठवडे लागले.

दिवाळी झाली. ऑपरेशनचं बघू म्हणेपर्यंत ती संध्याकाळ आली. साडेचार-पाचची वेळ, लख्ख उजेड, ओळखीचा रस्ता. गावातल्याच शहादूच्या घरच्यांनी पसरलेली बाजरी भरून नेली होती आणि दोनच दिवसांत मुकादमाचा ट्रक आला म्हणून सगळं घर ऊसतोडीला गेलं होतं. गडबडीत दगड राहिले. रस्त्याच्या डाव्या कडेचा दगड नानांच्या पुढच्या चाकाला लागला. डोक्यात हेल्मेट होतं, त्यावर साधा ओरखडा आहे. मार छातीला बसला.

दहाव्याला, तेराव्याला गावात एकच विषय. दगड कोणाचे? शहादूचे. "येऊ दे त्याला गुढीपाडव्याला, दाखवतो," असं चारचौघांत बोललं गेलं. शहादूच्या भावकीनं तर त्याच्या घराकडं बघणं सोडलं. मी सगळं ऐकत होते. एकानं मला विचारलंही, "मॅडम, तुमीच तर पास केल्तं न्हवं त्यांना? मग डोळ्याचा काय संबंध?" माझं पास करणं शहादूच्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जात होतं आणि मी मान खाली घालून चहाचे कप गोळा करत होते.

मागच्या रविवारी मी नानींकडं गेले. त्या सुपात हुलगे निवडत होत्या. मी बसले आणि सगळं सांगितलं, डबा, खडा, ऋतुजा, सगळं. त्यांचा हात थांबला नाही. निवडता निवडताच म्हणाल्या, "ताटात डावीकडं चटनी वाढलेली तशीच ऱ्हायची. दोन म्हैने. मी म्हनायचे, चटनी का खात न्हाई? तर म्हनायचे, वाढली कुठं? मग मीच उजवीकडं वाढाया लागले." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "मीबी बोलले न्हाई गं."

मला वाटलं, त्या माझं ओझं हलकं करतायत. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्याच पुढं म्हणाल्या, "पर त्या दिशी तळावरनं आले आन् लई खूश. मी म्हनलं, डोळा दाखवून या तरी. तर म्हनले, कशाला? माझ्या हाताखालची पोर हाय, ती खोटं बोलायची न्हाई."

मी उठले तेव्हा नानींनी पडवीतल्या डब्यांकडं बोट केलं. "घिऊन जा. हितं कोन वापरनार?" मी दोन खेपा करून आठही डबे घरी आणले.

शहादू परत येईल तेव्हा हा लेख गावात वाचून झालेला असावा, एवढ्यासाठी मी तो लिहिला. दगड त्यानं उचलायला हवे होते, हे खरं. पण आमच्या गावात रस्त्यावर दगड सोडत नाही असं एकही घर नाही, आणि तो दगड दिसला असता तर नानांनी उतरून चारीत टाकला असता. तो त्यांना दिसत नाही हे मला माहीत होतं.

काल ऋतुजानं हट्ट धरला, मला शिकव. दोन आठवडे गाडी ढकल, म्हटलं. मग तिला घेऊन बाजारतळावर जाऊन डबे मांडून बघितले. चेमटलेला डबा सरळ उभा राहत नाही, बूड एका बाजूला उचललं गेलंय, जरा धक्का लागला तरी जातो. ठोकून नीट करता येईल. मी केला नाही. तो डावीकडं, शेवटी ठेवला आणि चेमटलेली बाजू आत, वाटेकडं केली. मग आधी मी स्वतःच त्यातून गाडी नेली. वळणावर नजर त्या चेमटलेल्या पत्र्यावर गेली, आणि जिकडं बघाल तिकडं गाडी जाते... डबा पडला. तळावर ऋतुजाशिवाय कोणी नव्हतं. "आई, तुला कुठं परीक्षा द्यायचीय, उभा कर ना," ती म्हणाली. मी त्याला हात लावला नाही. गाडी बंद केली, हेल्मेट काढलं आणि मोठ्यानं म्हटलं, "डबा पडला, नाना. नापास."