रंगनाथ आचारी आणि आतनं कच्चा केक

रंगनाथ आचाऱ्याला थोडक्या माणसांचा स्वयंपाक येत नाही, हे कर्जतच्या आसपास पोरासोरांनाही ठाऊक आहे. पाचशे पानं म्हणा, हजार म्हणा, गडी डोळे मिटून आमटीत मीठ टाकणार आणि ते बरोबर पडणार. पण एकदा रतनबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, ताप आला म्हणून त्याने दोघांचा चहा ठेवला. तो अख्ख्या आळीने प्याला आणि तरी बादलीभर उरला. तेव्हापासून तिने नवऱ्याला घरच्या चुलीजवळ फिरकू दिलेलं नाही.

दुसरी खोड याहून वाईट. अन्नाबद्दल हा माणूस खोटं बोलत नाही. खोटं बोललं की हातची चव जाते, असं स्वयंपाक शिकवणाऱ्या वस्तादाने त्याच्या डोक्यात भरवलं होतं. एका लग्नात तर ऐन पंगतीत उभं राहून त्याने स्वतःच जाहीर केलं, "मंडळी, आमटी बुडाला लागलीय, माफी असावी." तोवर लोक भुरके मारत होते, त्यानंतर एकालाही ती गिळेना. नवरीचा बाप झारा उगारून वेशीपर्यंत मागे धावला, पण रंगनाथने शब्द काही मागे घेतला नाही.

हल्ली लग्नात पांढऱ्या टोप्यांचे केटरर येतात. रंगनाथच्या हातावर सुपारी ठेवून "लगीन हाय, आचारी तुमीच" असं म्हणायला बऱ्याच दिवसांत कुणी आलेलं नव्हतं. "सुटलो बाबा धुरातनं," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि घरी येऊन रिकाम्या कढया घासत बसायचा. त्याला फार वाईट वाटायचं.

अशात सुट्टीला नात आली. आरती, पहिलीतली. तिचा बाप, म्हणजे रंगनाथचा मुलगा कल्याण, शिर्डीत एका हॉटेलात कामाला. पोरीने भातुकली आणली होती ती सगळी प्लास्टिकची: गॅस, मिक्सर, आणि बटण दाबलं की लाल दिवा लागून थोड्या वेळाने 'टिंग' वाजणारा ओव्हन. रंगनाथने ओव्हन उलटासुलटा करून पाहिला.

"ह्यात लाकडं कुटनं घालायची?"

"सेल असत्यात आबा!" आरती कपाळावर हात मारून म्हणाली.

परत जायच्या दिवशी तिने शेवटची पंगत मांडली. बेत केकचा. गुलाबी प्लास्टिकचा केक, सुरी फिरवली की चर्र आवाज करून त्याचे तुकडे सुटे व्हायचे. रतनबाईने तुकडा तोंडाजवळ नेऊन मचमच केलं आणि म्हणाली, "लई ग्वाड!" तिला न्यायला आलेला कल्याण मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला, "एक नंबर." मग तुकडा रंगनाथकडे आला. त्याने तो हुंगला, अंगठ्याने दाबून पाहिला, डोळे मिटून बराच वेळ चघळल्यासारखं केलं आणि निकाल दिला.

"आतनं कच्चा हाय."

आरतीचा खालचा ओठ बाहेर आला.

"अवो, प्लॅस्टिकचा हाय त्यो!" रतनबाई कडाडली.

"मंग वाढला कशाला? दाबला की बसतोय, कापताना चर्र करतोय. पीठ वलं हाय."

"आबांशी कट्टी!" आरतीने भोकाड पसरलं. "दिवाळीला मी येनारच न्हाई!" आणि ती जाऊन दारामागे बसली.

झाऱ्याला न भ्यालेला रंगनाथ यावर मात्र पार खचला. दिवाळीला पोर नाही म्हणजे दिवाळीच नाही. एक शब्द खोटा बोलला असता तर मिटलं असतं. त्याने प्रयत्नही केला. "केक... केक तसा..." इथवर आला आणि जीभ टाळ्याला चिकटली. शेवटी तो दारामागे पोरीशेजारी उकिडवा बसला.

"आचाऱ्यानं रुसायचं नस्तंय. माझी पयली बुंदी पव्ह्यावानी चपटी झाल्ती."

पोरीची मुसमुस थांबली. "मंग?"

"मंग काय, पुन्यांदा घाना काढला. कच्चं निघालं तर परत आचंवर ठिवायचं."

केक पुन्हा ओव्हनमध्ये गेला. बटण दाबलं, पण दिवा लागेना. सेल संपले होते. आता टिंग कुठून वाजणार? आजोबा आणि नात ओव्हनसमोर गुडघ्यांना मिठी मारून बसले.

"चल, यष्टी यील," कल्याण म्हणाला.

"केक आत हाय!" दोघंही एकदम ओरडले.

"अण्णा, झाला म्हना की!" कल्याण बापाला विनवू लागला.

"झाला नसताना?"

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला आणि एसटी निघूनही गेली. कल्याण डोकं धरून ओट्यावर बसला. आरतीने केक काढला, हुंगला, अंगठ्याने दाबला आणि आजोबासारखेच डोळे मिटून म्हणाली, "आजून थोडा." तो पुन्हा आत गेला. मग केव्हातरी तिने स्वतःच तोंडाने 'टिंग' केलं आणि तुकडा वाढला.

रंगनाथने चघळला. सगळं घर त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

"आता झाला," तो म्हणाला. "साखर जरा जास्त हाय."

आरतीचा चेहरा फुलला. "आजीनं आन् पप्पानं नुस्तं त्वांड हलिवलं. आबांनीच खरा खाल्ला!"

ती आत पळाली, आजीच्या चंचीतून सुपारी घेऊन आली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "दिवाळीत माझ्या भावलीचं लगीन हाय. आचारी तुमीच."

रंगनाथने सुपारी कपाळाला लावली आणि धंद्यातला जुना प्रश्न विचारला, "पानं किती?"

"दोन. तुमी आन् मी."

"दोनच?" त्याला दरदरून घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो रतनबाईच्या मागे लागला, "अगं, दोघांचा चहा करून बघू दे की. दिवाळी जवळ आली." भर उन्हाळ्यात हे ऐकून ती हसली आणि चुलीपासून बाजूला सरकली. जाताना बादली तेवढी जवळ आणून ठेवली.